कारपार्कखालची गिरणी

खडकपारखी (धागालेखक)

गेली अकरा वर्षं मी मँचेस्टरमध्ये जमिनीखाली काय आहे ते सांगायची नोकरी करतो. टॉवर उभा करायचा तर आधी बोअर मारायचे, माती तपासायची, पायलिंग, म्हणजे पायाचे खांब, किती खोल न्यायचं ते कळवायचं. आमच्या धंद्यात पुरातत्त्ववाले साइटवर येणार म्हटलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. माझ्याही पडायच्या.

गेल्या महिन्यात असाच एक कारपार्क माझ्याकडे आला. जागेचं आणि क्लायंटचं नाव देत नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे. वरून बघाल तर डांबर, पांढरे पट्टे आणि पैसे टाकायचं मशीन. पण इथे १८४० च्या दशकात मैलाला पाच फूट अशा मापाचे नकाशे काढले होते. इतक्या मोठ्या मापावर गल्लीतला पाण्याचा पंपसुद्धा सुटत नाही. त्या नकाशात आमच्या पट्ट्यांखाली एक लांबुळकी कापूस गिरणी, तिच्या कडेला इंजिनघर आणि मागे मजुरांच्या घरांच्या पाठीला पाठ लावलेल्या रांगा.

त्यामुळे काउन्सिलच्या पुरातत्त्व सल्लागाराने सांगितलं, परवानगीचं पुढचं बोलण्याआधी चाचणी चर घ्या. सगळी जागा खणायची नाही. नकाशे आणि जुने कागद बघून ठरवलेल्या ठिकाणी पोकलेनच्या बकेटच्या रुंदीचे लांब चर मारायचे आणि खाली काही शिल्लक आहे का, कितपत शाबूत आहे, एवढंच पाहायचं. आमच्या वाट्याला तीन चर आले.

पोकलेनला बिनदाती बकेट लावलेली. दात असले की विटा उचकटतात. ऑपरेटर एका वेळी चार बोटं जाडीचा थर काढायचा आणि बाजूला पुरातत्त्ववाल्यांची एक पंचविशीतली मुलगी हात वर करून उभी असायची. तिने मूठ वळली की मशीन थांबायचं. डांबर गेलं, त्याखाली डबर, मग राख आणि खंगर, मग तुटक्या विटा. पहिल्या चरात भिंतीचा नुसता पाया निघाला. दुसऱ्यात काहीच नाही, पुढे कधीतरी कुणीतरी तळघर खणून सगळं नेलं होतं. तिसऱ्यात साधारण मीटरभर खाली गेल्यावर तिने मूठ वळली.

मोठमोठ्या घडीव दगडांचा एक ओटा, वर चार लोखंडी बोल्ट. मनगटाएवढे जाड, वरून गॅसने कापलेले. कापलेल्या तोंडावर गंज, पण दगडात बसलेला भाग काळा कुळकुळीत. ती मुलगी गुडघ्यावर बसली, थापीने कड साफ केली आणि मला म्हणाली, ‘तू इंजिनिअर ना, याच्यावर काय बसलं असेल?’

मला सांगता येईना. म्हणून घरी व्हिडिओ कॉल लावला. आमचे अण्णा लालबागच्या एका गिरणीत थ्रॉसल खात्यात, म्हणजे सूतकताईत, साइडर (मशीनची एक बाजू सांभाळणारे) होते, ८२ च्या संपापर्यंत. आता वय ७९. त्यांना चर दाखवला, बोल्ट दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘मला काय ठावं? आमच्या टायमाला मोटरी हुत्या. दगडात त्येल मुरलंय का बघ. मुरलं आसंल तर मशीन, नसंल तर जिना.’

मी भाषांतर करून सांगितलं. ती मुलगी हसली नाही. तिने दगडाच्या सांध्यातली चिमूटभर माती बोटांवर चोळली, वास घेतला आणि हातातल्या फॉर्मवर लिहिलं : तेलाचे डाग, ओट्याच्या पूर्व बाजूस.

अनुभव आहेत का इथे कुणाचे? विशेषतः मुंबईतले.

---

टिळकनगरची_सई

मस्त लिहिलंय. अण्णा ग्रेट! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

बारा_मजली

माझा व्यवसाय बांधकाम, ठाण्यात. म्हणून विचारतो, राग मानू नका. दोनशे वर्षांच्या विटांना पुरातत्त्व कसं म्हणायचं? हडप्पा समजू शकतो. गिरणीचे नकाशे आहेत, फोटो आहेत, कंपनीचे हिशेब असतील. मग खणून नवीन काय कळतं? आणि या तीन चरांचे पैसे कोणी दिले?

---

खडकपारखी

पैसे बिल्डरने दिले. राग नाही, महिन्यापूर्वी मीही हेच विचारत होतो.

---

नियोजनवाली

मी इंग्लंडमध्येच एका काउन्सिलच्या प्लॅनिंग खात्यात आहे (मँचेस्टर नव्हे), म्हणून पैशांच्या प्रश्नाचं उत्तर देते.

१९८९ मध्ये लंडनला ऑफिसची इमारत बांधताना रोझ नाट्यगृहाचे अवशेष लागले. शेक्सपिअरच्या काळातलं नाट्यगृह, त्यामुळे नट, विद्यार्थी, खासदार सगळे साइटवर ठाण मांडून बसले. बिल्डर हैराण, सरकारही हैराण, कारण परवानगी आधीच देऊन झालेली. त्या गोंधळानंतर नोव्हेंबर १९९० मध्ये सरकारने एक मार्गदर्शक टिपण काढलं. खाली काय आहे ते परवानगी देण्याआधी बघायचं आणि खर्च जागा बदलणाऱ्याने सोसायचा, हा त्याचा गाभा. टिपणाचं नाव आणि नंबर नंतर बदलले, २०१२ मध्ये सगळंच एका राष्ट्रीय धोरणात गेलं, पण गाभा तोच राहिला.

चाचणी चर म्हणजे साधारण जागेच्या दोन ते पाच टक्के. जुन्या औद्योगिक जागेत मात्र टक्केवारी पकडून बसत नाहीत. नकाशावर इंजिनघर, बॉयलर, धुराडं, चाकाचा खड्डा दिसत असेल तर चर नेमका तिथूनच नेतात.

लोकांचा एक गैरसमज असतो की काही सापडलं म्हणजे बांधकाम बंद. तसं क्वचित होतं. बहुतेक जागी निकाल असा असतो : दोन-चार आठवडे नीट खणा, मोजा, फोटो काढा, अहवाल लिहा आणि मग बांधा. ओटा जातोच. त्याची नोंद राहते.

---

बारा_मजली

म्हणजे शेवटी तोडायचंच आहे. मग एवढा सोपस्कार कशाला?

---

नियोजनवाली

पोस्टमॉर्टेम झाल्यावर माणूस परत येतो का? तरी करतातच ना.

---

जुना_डॉफर

वर कुणीतरी विचारलं, कागद असताना खणायचं कशाला. कागदावर मालक काय म्हणतो ते असतं, भाऊ. खरंच काय केलं ते जमिनीत.

त्याच मँचेस्टरातलं उदाहरण देतो. शूडहिल भागात कताई-यंत्रवाला आर्कराइट आणि त्याच्या भागीदारांनी १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला गिरणी उभी केली. वाफेच्या जोरावर चालवायची असा बेत. न्यूकोमेन जातीचं, म्हणजे अगदी सुरुवातीच्या प्रकारचं, वाफेचं इंजिन बसवलं, पण त्याची चाल इतकी धक्क्याधक्क्याची की सूत टिकेना. मग त्यांनी जी शक्कल काढली ती मला फार आवडते. इंजिनाने गिरणी चालवायचीच नाही. इंजिनाने खालच्या तळ्यातलं पाणी वरच्या तळ्यात चढवायचं, ते पाणी तीस फुटी चाकावर सोडायचं आणि गिरणी फिरवेल ते चाक. नदी नाही तर आपली नदी आपणच उपसायची!

१८५४ मध्ये गिरणी जळाली, परत बांधली, १९४० च्या बॉम्बफेकीत गेली. मग त्यावर, ऐका, कारपार्क. २००५ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमासाठी तिथे खणलं तेव्हा डांबराखाली गिरणीचे पाये होते. अशा जुगाडाचा कागदावरचा नकाशा नेहमी नीटनेटका असतो. बदलत गेलेली इंजिनं, बुजवलेला चाकाचा खड्डा, फोडून परत बांधलेली भिंत, हे फक्त खाली दिसतं.

खडकपारखी, तुमच्या वडिलांच्या खात्याचं नाव ‘थ्रॉसल’ तिकडचंच, बरं का. लँकेशायरच्या बोलीत थ्रॉसल म्हणजे एक गाणारा पक्षी. कातायच्या मशीनचा आवाज त्याच्यासारखा वाटायचा म्हणून मशीनला ते नाव. मशीन बदललं, रिंगफ्रेम आल्या, लालबाग-परळात मात्र खातं थ्रॉसलच राहिलं. मी दोन वर्षं तिथे डॉफर, म्हणजे भरलेल्या बॉबिनी काढणारा, होतो. पक्षी काही ऐकू आला नाही, कान मात्र गेला.

---

खडकपारखी

हे मला माहीत नव्हतं! अण्णांना आत्ता फोन करून सांगितलं. म्हणाले, ‘पाखरू? आरं, समोरच्याचं तोंड बघून बोलणं कळायचं, आवाज कुठला.’

---

काळाचौकीकर

मुंबईतले अनुभव विचारलेत म्हणून लिहितो. लांबेल.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत. अडीच लाख कामगार बाहेर. ते सगळ्यांना माहीत आहे, उगाळत नाही. जमिनीचं सांगतो. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ नंबरचा नियम आला. गिरणी मालकाला जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली त्याची. २००१ मध्ये त्यात बदल केला की ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. शेड उभी आहे ती जागा हिशेबातच नाही. मामला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००६ मध्ये तो बदल कायम झाला. सहाशे एकरांचं भांडण होतं हे. घर कुणाला, मैदान कुणाला, चटईक्षेत्र किती, यावर मोर्चे निघाले, अग्रलेख आले. मीही मोर्चात होतो. त्या सगळ्यात जमिनीखाली काय आहे असं एकानेही विचारलं नाही. मी पण नाही.

आमच्या चाळीसमोरची गिरणी पाडली तेव्हा मी गॅलरीतून बघत होतो. आधी मशीनं गेली. किलोवर. भंगारवाल्याची माणसं घणाने फ्रेम फोडायची, कारण अख्खी फ्रेम ट्रकमध्ये बसेना. बाजूच्या प्लेटवर मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या मशीन बनवणाऱ्या कंपनीचं नाव ओतलेलं असायचं. ती प्लेट वेगळी काढून कुणी ठेवलेली मी पाहिली नाही. मग मस्टरचे गठ्ठे जाळले. दोन दिवस धूर. कोण कुठल्या खात्यात, कुठल्या पाळीत, कुठल्या गावचा, सगळं त्यात. पुढे घरांच्या लॉटरीसाठी ‘गिरणी कामगार असल्याचा पुरावा’ मागायला लागले तेव्हा माझ्या काकांकडे एक पितळी बिल्ला आणि गिरणीचं एक फाटकं तिकीट होतं.

मग पोकलेन आले. दात असलेले.

---

टिळकनगरची_सई

काय बोलावं. मस्टरचं वाचून गप्प झाले.

---

वकीलपेठ

काळाचौकीकर, तुमच्या ‘कुणी विचारलं नाही’ला कायद्याची बाजू जोडतो. आपला प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा. त्यात वस्तू किंवा जागा किमान शंभर वर्षं जुनी लागते. मुंबईतली पहिली गिरणी कावसजी दावरांची, ताडदेवला, १८५६ मध्ये सुरू झाली. म्हणजे वयाचा प्रश्न अनेक गिरण्यांना आला नसता. पण नुसतं वय पुरत नाही. सरकारने ती जागा संरक्षित म्हणून जाहीर करावी लागते. जाहीर झाली तर शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढचे दोनशे मीटर नियंत्रण. म्हणजे आपल्याकडे एक तर सगळं बंद, नाही तर सगळं मोकळं. मधली ‘बांधा, पण आधी चर मारून बघा’ अशी पायरीच नाही.

मुंबईचे वारसा नियम १९९५ चे. त्यांचा भर यादीतल्या इमारतींवर आणि परिसरांवर, म्हणजे जे डोळ्यांना दिसतं त्यावर. धुराडं यादीत येऊ शकतं. धुराड्याखालचा धुराचा बोगदा कुठल्या यादीत येणार?

---

तिरपी_रेघ

सगळे एका सुरात गाताय म्हणून जरा बेसूर होतो. ज्या मँचेस्टरच्या कापडाने आमचे विणकर देशोधडीला लागले त्या गिरणीच्या बोल्टला आपण आरती ओवाळायची? मालकांनी पोरंबाळं राबवली, त्यांची इंजिनघरं जपायची? जाऊ द्या मातीत.

---

नियोजनवाली

जपा कुठे म्हणतंय कुणी? आणि चरांत काय फक्त मालकाचं इंजिन निघतं? मँचेस्टरच्या एंजल मेडो भागात अशाच कामात मजुरांची तळघरं निघाली. माणसं राहत होती ती, सामान ठेवायची नव्हेत. खोलीची मापं, जमिनीची ओल, किती घरांत मिळून एक संडास, हे टेप लावून मोजता येतं. मालकाच्या हिशेबवहीत ते सापडेल का?

---

तिरपी_रेघ

तळघरांचं मान्य. बोल्टचं नाही.

---

जुना_डॉफर

विणकर गेले हे खरं, आणि ओल्डहॅमच्या मशीनवर कोकण-घाटातली तीन पिढ्यांची चूल पेटली हेही खरं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५, तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा लँकेशायरचे मजूर उपाशी आणि मुंबईचे कापूस-दलाल गब्बर. युद्ध संपलं आणि मुंबईचा शेअरबाजार कोसळला. दोन्ही गावांची नाळ एकच आहे हो. भांडा, पण तोडून बोलू नका.

---

बारा_मजली

एक प्रामाणिक प्रश्न. समजा उद्या मला परळला असा प्लॉट मिळाला आणि स्वखुशीने चर मारायचे ठरवले, तर खाली काही उरलं असेल का? आमच्याकडे तीन-तीन तळघरं जातात.

---

खडकपारखी

तळघर झालंय तिथे काही नाही. माझा दुसरा चर तसाच कोरा निघाला. पण जिथे नुसती शेड पाडून वर भराव टाकलाय, किंवा जुन्या शेडमध्ये हॉटेलं-ऑफिसं थाटली आहेत, तिथे लाद्यांखाली बरंच असणार. इंजिनाचे ओटे, बॉयलरचे खड्डे, धुराड्याकडे जाणारे विटांचे बोगदे. शिवाय तळी. इंजिनाचं गरम पाणी थंड करायला गिरणीच्या आवारात तलाव असायचा. तो बुजवला तरी गाळ तिथेच राहतो, आणि गाळात काय काय पडलेलं असतं याला सुमार नाही.

तुमच्या कामाचं एक सांगतो. हे चर मारल्याने माझाही फायदा झाला. बोअर म्हणजे सुई टोचणं. दोन बोअरच्या मधे जुना दगडी ओटा असला तर पायलिंगचं मशीन त्यावर आपटतं तेव्हा कळतं, आणि मग दिवसाचं भाडं चालू. यावेळी ओटा कुठे आहे ते सेंटिमीटरमध्ये हातात आहे. शिवाय जुन्या औद्योगिक जागेत घाण असते. डांबर, शिसं, अ‍ॅस्बेस्टॉस. गॅस बनवायचे जुने कारखाने तर सगळ्यात वाईट, तिथे निळी माती निघते, सायनाइडची. त्यामुळे माती-तपासणीवाले आणि पुरातत्त्ववाले एकाच चरात उतरले तर एक खोदाई वाचते. सव्वा मीटरच्या खाली जायचं तर चराच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांनी कापायच्या, नाहीतर टेकू द्यायचे. तो खर्च दोनदा कशाला?

---

बारा_मजली

हे आधी सांगायचं ना राव. संस्कृतीपेक्षा पायलिंग लवकर पटतं.

---

जुना_डॉफर

😄

---

काळाचौकीकर

गॅसवरून आठवलं. लालबागला ‘गॅस कंपनी’ म्हणून पत्ता सांगायचे. आमच्या पोरांना ते बसस्टॉपचं नाव वाटतं. तिथली माती काय रंगाची असेल?

---

खडकपारखी

निकाल लागला, म्हणून सांगतो. तिसऱ्या चराच्या भोवती मोठा चौकोन उघडायचा, तीन आठवडे. इंजिनघर आणि मागच्या घरांची एक रांग. मग नोंद करून ओटा काढायचा, कारण तिथे लिफ्टचा खड्डा येतोय. क्लायंटचा माणूस आधी फोनवर तापला. मग साइटवर आला, बोल्टवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, यातला एक लॉबीत ठेवता येईल का. इकडे कायद्याने ‘खजिना’ ठरतं ते सोडलं तर सापडलेली वस्तू जमीनमालकाची असते, त्यामुळे त्याला तसा अडथळा नाही. मी माझ्यासाठी एक मागणार होतो, गप्प बसलो.

त्या मुलीने प्रत्येक थराला वेगळा नंबर दिलाय. भिंत एक नंबर, भिंतीच्या पायासाठी खणलेला खड्डा दुसरा नंबर, खड्ड्यात भरलेली माती तिसरा. कोण आधी कोण नंतर याची वंशावळ मांडतात तसा तक्ता. तेलाच्या डागालाही स्वतंत्र नंबर आहे. ४१७. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, माझा तिकीट नंबर पण चारशेतलाच हुता.

---

काळाचौकीकर

खडकपारखी, एक काम कराल? अण्णांना विचारा, त्यांच्या गिरणीत थ्रॉसल खातं नेमकं कुठल्या अंगाला होतं, तलाव कुठे, भोंगा कुठे. जमलं तर कागदावर काढून घ्या. ती गिरणी माझ्या काकांचीही असावी असा दाट संशय आहे.

---

वकीलपेठ

आणि तारीख, नाव, किती साल ते किती साल तिथे होते, हे कागदावरच लिहून घ्या. सही पण.

---

खडकपारखी

काढला! बहिणीने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलाय. कॅलेंडरच्या पाठीवर, निळ्या पेनाने. गेट, टाइमकीपरची खिडकी, कार्डिंग, थ्रॉसल, वाइंडिंग, साचे खातं, तलाव, तलावाकडेला पिंपळ आणि पिंपळाखाली ‘इथं डबा खायचो’. दोन खात्यांच्या मधे एक फुली आहे. विचारलं तर म्हणाले, तिथं पाणी गळायचं, पाय घसरायचा.

माप नाही. उत्तर दिशाही नाही. कागदाच्या वरच्या बाजूला ‘दादर’ लिहिलंय आणि खालच्या बाजूला ‘भायखळा’.

---

काळाचौकीकर

पिंपळ! तीच गिरणी. मोठ्या साइजमध्ये स्कॅन करून टाका, काका शेजारीच बसलेत.